थेसालोनिकी आणि नागपाडा : एका खेळाच्या दोन कारकिर्दी

१/
१४ जून १९८७. ग्रीसमधील पिरेयस बंदराजवळचे 'शांतता आणि मैत्री' स्टेडियम. युरोपीय बास्केटबॉल अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात यजमान ग्रीसने बलाढ्य सोव्हिएत संघाला जादा वेळेत १०३-१०१ असे हरवले. त्यांतले ४० गुण निकोस गालिस या एकट्या खेळाडूचे होते. त्या रात्री अथेन्सचे रस्ते माणसांनी भरून गेले.

२/
त्याच्या सतरा वर्षे आधी, १९७० सालचा बास्केटबॉलचा अर्जुन पुरस्कार मुंबईच्या नागपाड्यात आला होता. मानकरी होते गुलाम अब्बास मूंतासिर. ते भारताचे कर्णधार होते आणि चाहते त्यांना 'बादशाह' म्हणत. गालिस आज ग्रीसमध्ये दंतकथा आहेत. अब्बास यांचे नाव मात्र मुंबईतही मोजक्यांनाच ठाऊक असते. हा फरक केवळ गुणवत्तेचा आहे का? आजचा थ्रेड या प्रश्नावर.

३/
दोन्ही कथांचे मूळ एकच आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल जन्माला घातला. ते वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवत. हिवाळ्यात मुलांना बंदिस्त जागेत खेळवायचे, ही त्यांची अडचण होती. त्यातून पीचच्या दोन टोपल्या आणि १३ नियम एवढ्या सामग्रीवर खेळ उभा राहिला. पुढे वायएमसीएची माणसे जिथे गेली, तिथे तो गेला.

४/
ग्रीसमध्ये तो पहिल्या महायुद्धानंतर थेसालोनिकीच्या वायएमसीएमार्फत पोहोचला. हे जुने बंदर ज्यू, ग्रीक, तुर्क अशा अनेक समाजांचे शहर होते. १९२२ च्या पराभवानंतर आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित देशात आले. त्यांनी नव्या वस्त्यांबरोबर स्वतःचे क्लबही उभारले : अथेन्समध्ये १९२४ साली एईके, थेसालोनिकीत १९२६ साली पाओक. हरवलेल्या गावाची आठवण क्लबच्या नावात आणि चिन्हात जपली गेली.

५/
आता मुंबई. भायखळ्याच्या कुशीतले नागपाडा हेही बंदर, गोदी आणि गिरण्यांनी घडवलेले मोहल्ल्यांचे गाव. मुसलमान कामगार, बगदादी ज्यू, ख्रिस्ती, देशावरून आलेली कुटुंबे, सारी इथे दाटीवाटीने राहत. डेव्हिड ससून यांनी बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग आजही भायखळ्यात उभे आहे. सआदत हसन मंटो यांचे मुंबईतले वास्तव्यही याच परिसरातले.

६/
या वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू केले. धर्मप्रसारापेक्षा शेजाऱ्यांची सेवा हा त्याचा हेतू होता. वाचनालय, वर्ग, दवाखाना आणि खेळ एका छताखाली आले. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय याच वास्तूत सुरू झाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

७/
म्हणजे भारतातील समाजकार्याचे शिक्षण आणि नागपाड्यातील बास्केटबॉल एकाच घरात वाढले. १९४२ साली मुंबईत जन्मलेले अब्बास याच नेबरहुड हाउसमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांकडून खेळ शिकले. या खेळाला मोठे मैदान लागत नाही, महागडी बॅट लागत नाही. चाळींच्या मधल्या चौकोनात दोन खांब रोवले की काम भागते. जिथे क्रिकेटला जागा नव्हती, तिथे बास्केटबॉल रुजला.

८/
इथपर्यंत दोन्ही शहरांच्या कथा समांतर चालतात. मग वाटा कुठे फुटल्या? माझ्या मते उत्तर एका साध्या प्रश्नात दडले आहे : खेळाडूचे पोट कोण भरतो?

९/
ग्रीसमध्ये उत्तर होते, क्लब. देशातील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२८ साली थेसालोनिकीच्या इराक्लिस क्लबने जिंकली. १९३२ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तेव्हा आठ संस्थापक देशांत ग्रीस होता. क्लब वस्तीचा, प्रेक्षक वस्तीचे, वैर शेजारच्या वस्तीशी. तिकीट काढणारा माणूस तयार झाला आणि त्याच्या पैशावर पुढे खेळाडू जगू लागला.

१०/
गालिस यांची कारकीर्द या व्यवस्थेचे फळ आहे. स्थलांतरित ग्रीक कुटुंबातला हा मुलगा १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मला. १९७९ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने निवडले, पण दुखापत झाली आणि संघात जागा मिळाली नाही. तो थेसालोनिकीच्या आरिस क्लबकडे आला. आरिसने त्याच्यासह आठ वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. १९८७ नंतर ग्रीसमध्ये गल्लोगल्ली बास्केट लागल्या, आणि १९९२ पासून तिथली लीग औपचारिकरीत्या व्यावसायिक झाली.

११/
भारतातील उत्तर वेगळे होते : नोकरी. रेल्वे, सेनादल, पोलीस आणि सार्वजनिक उद्योग खेळाडूंना कामावर घेत आणि ते त्या खात्याच्या संघातून खेळत. अब्बास रेल्वेच्या संघाकडून खेळले. कागदोपत्री असा खेळाडू हौशी, कारण त्याचा पगार हुद्द्याचा असे, खेळाचा नव्हे. प्रत्यक्षात नोकरी मिळालेली असे ती खेळामुळेच.

१२/
ही व्यवस्था केवळ भारताची नव्हती. १९८७ च्या त्या अंतिम सामन्यातले सोव्हिएत खेळाडूही अधिकृतपणे हौशीच होते. तिथे सीएसकेए हा सैन्याचा क्लब, दिनामो पोलिसांचा, आणि लोकोमोटिव्ह चक्क रेल्वेचा! व्यावसायिक आणि हौशी ही भिंत आंतरराष्ट्रीय महासंघाने पाडली ती १९८९ साली. तेव्हा अब्बास यांच्या पिढीचा खेळ केव्हाच संपला होता.

१३/
नोकरीच्या वाटेला कमी लेखणे मात्र अन्याय ठरेल. नागपाड्यातल्या कुटुंबाला रेल्वेचा पगार, पास आणि निवृत्तिवेतन म्हणजे पिढीचे स्थैर्य. उलट, क्लबच्या बाजारात वैभव असते, पण आधार नसतो. खुद्द गालिस यांची कारकीर्द १९९४ मध्ये अचानक संपली : पॅनाथिनायकोसच्या प्रशिक्षकाने सुरुवातीच्या पाचांत घेतले नाही, आणि ते मैदानातून निघून गेले ते कायमचेच.

१४/
नोकरीच्या व्यवस्थेने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली : प्रेक्षक. नागपाड्याचा मुलगा रेल्वेचा झाला की मोठ्या स्पर्धांत तो मोहल्ल्याचा राहत नसे. रेल्वे विरुद्ध सेनादल हा सामना उत्तम दर्जाचा असेल, पण त्यासाठी जीव टाकणारी वस्ती कुठली? १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. तो आजवरचा सर्वोत्तम क्रमांक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही भारतीय संघ उतरला. या दोन्ही घटनांचा घराघरांत उत्सव झाला नाही, कारण तो करणारा समाज बांधलाच गेला नव्हता.

१५/
पुढे व्यावसायिक लीगचा प्रयत्न झाला. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए लीगमध्ये 'मुंबई चॅलेंजर्स' आणि 'पुणे पेशवाज' असे संघ होते. नावे आपल्या शहरांची होती, पण मुळे नव्हती. लीग थांबली आणि संघही विरले. थेसालोनिकीत क्लब आधी आले, पैसा नंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा लावला गेला.

१६/
वस्तीतून थेट शिखरावर जाता येते, याचे उदाहरणही ग्रीसचेच आहे. यानिस आंतेतोकुन्पो १९९४ मध्ये अथेन्समध्ये जन्मला. नायजेरियातून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा सेपोलिया वस्तीत वाढला, रस्त्यावर घड्याळे आणि गॉगल विकत. त्याला नागरिकत्व मिळाले थेट २०१३ मध्ये, एनबीएच्या निवडीच्या काही आठवडे आधी. २०२१ च्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण करून मिलवॉकी बक्सला विजेतेपद मिळवून दिले.

१७/
यानिसची गुणवत्ता त्याची स्वतःची. पण त्याच्याच शहरात फिलाथ्लितिकोस हा छोटा क्लब होता, त्याच्या वरच्या पायरीवर लीग होती आणि त्या लीगवर परदेशी निवडकर्त्यांची नजर होती. नागपाड्यात पहिली पायरी भक्कम आहे. तिच्या वरच्या पायऱ्या मात्र खात्यांच्या इमारतींत उघडतात.

१८/
ती पहिली पायरी आजही पाहता येते. भायखळ्याला उतरून नागपाड्याकडे चालत जा. बच्चू खान यांच्या नावाचे महापालिकेचे मैदान तिथे आहे. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनचे ते घर. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून पाहा : एनबीए! वर्तमानपत्रांनी या वस्तीला गुन्ह्यांच्या बातम्यांतच जास्त पाहिले. तिच्या नावावर देशाचे कर्णधारपद आहे, हे फार थोड्यांनी लिहिले.

१९/
आम्हा अंबरनाथकरांना इतिहास म्हटला की शिवमंदिराचा शके ९८२ चा शिलालेख आठवतो. दगडावर कोरले म्हणून साडेनऊशे वर्षांनंतरही ते साल सांगता येते. मैदानाला शिलालेख नसतो. त्याचा इतिहास जुन्या खेळाडूंच्या स्मरणात, पिवळ्या पडलेल्या संघाच्या छायाचित्रांत आणि स्पर्धांच्या पत्रकांत असतो.

२०/
म्हणून विद्यार्थी मित्रांना एक सुचवणे. प्रबंधाला विषय शोधत असाल तर मुंबईतली क्रीडामैदाने घ्या : नागपाडा, माटुंगा, परळ. वयोवृद्ध खेळाडूंच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, छायाचित्रांच्या मागे नावे लिहून घ्या. मंदिराचा शिलालेख आणखी काही शतके थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.