सेनापती आणि सरसेनापती

राष्ट्राध्यक्ष हाच सैन्याचा सरसेनापती, असे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात लिहिले आहे. कागदावर लिहिणे सोपे. ते वाक्य पाळायला किती किंमत मोजावी लागते हे हॅरी ट्रूमन यांना 1951 साली कळले. अमेरिकेच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

जनरल डग्लस मॅकआर्थर म्हणजे त्या काळचे दैवतच. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून 1903 साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले, 2 सप्टेंबर 1945 रोजी ‘मिसुरी’ युद्धनौकेवर जपानची शरणागती स्वीकारणारे आणि त्यानंतर जपानचा कारभार जवळजवळ एकहाती हाकणारे. ट्रूमन पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन होते. कॉलेजची पदवी नाही, आणि कॅन्सस सिटीत काढलेले कपड्यांचे दुकानही बुडालेले!

25 जून 1950 रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे नेतृत्व मॅकआर्थरकडे आले. 15 सप्टेंबरला त्यांनी शत्रूच्या पिछाडीला इंचॉन बंदरात सैन्य उतरवले. तिथे भरती-ओहोटीत सुमारे 30 फुटांचा फरक पडतो, म्हणून अनेक अधिकाऱ्यांना ही मोहीम वेडेपणाची वाटत होती. ती यशस्वी झाली, सोल परत मिळाले. आता या माणसाला अडवणार कोण?

इथे आपला भारत या कथेत येतो. 3 ऑक्टोबरच्या पहाटे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार का. मा. पणिक्कर यांना बोलावून बजावले की अमेरिकी सैन्याने 38 वे अक्षांश ओलांडले तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने हा इशारा पोचवला. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही, कारण पणिक्कर चीनधार्जिणे असल्याचा त्यांचा ग्रह होता. 15 ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थरनीही ट्रूमनना सांगितले की चीन येण्याचा संभव फारच कमी. चारच दिवसांनी चिनी सैन्य यालू नदी ओलांडू लागले! जानेवारी 1951 मध्ये सोल पुन्हा हातचे गेले.

मॅकआर्थरना आता युद्ध चीनपर्यंत न्यायचे होते, तर ट्रूमनना ते कोरियापुरतेच ठेवायचे होते. मतभेद असायला हरकत नव्हती, पण जनरलसाहेब ते उघडपणे बोलू लागले. परराष्ट्र धोरणावर बोलण्याआधी परवानगी घ्या, असा आदेश डिसेंबरमध्येच निघाला होता. तरीही राष्ट्राध्यक्ष तहाची बोलणी सुरू करण्याच्या बेतात असताना त्यांनी चीनला धमकीवजा निवेदन दिले. विरोधी पक्षाचे नेते जोसेफ मार्टिन यांनाही पत्र लिहिले, आणि 5 एप्रिलला मार्टिननी ते संसदेत वाचून दाखवले.

11 एप्रिलला ट्रूमननी मॅकआर्थरना बडतर्फ केले. बातमी टोकियोत रेडिओवरून आधी पोचली, अधिकृत हुकूम मागून. हा भाग मला ओशाळवाणा वाटतो. एवढ्या मोठ्या योद्ध्याला तसे कळायला नको होते. देश खवळला. मॅकआर्थरचे न्यूयॉर्कमध्ये प्रचंड स्वागत झाले. ट्रूमनची लोकप्रियता 1952 मध्ये 22 टक्क्यांवर उतरली. त्या वर्षी ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत.

मे-जूनमध्ये सिनेटपुढे चौकशी चालली, तेव्हा पारडे फिरले. संरक्षणमंत्री जॉर्ज मार्शल, जनरल ओमर ब्रॅडली आणि तिन्ही दलांचे प्रमुख, सगळे मुरलेले सैनिक, एकेक करून साक्षीला आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने बोलले. माझ्या मते घटनेतले ते वाक्य त्या दिवसांत टिकले. 1958 साली आपल्या शेजारी पाकिस्तानात काय झाले, ते आठवून पाहावे.

27 जुलै 1953 रोजी युद्धविराम झाला, तो जवळपास जुन्याच सीमेवर. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे 22 हजार युद्धकैद्यांचा ताबा दोन्ही बाजूंनी भारताकडे सोपवला. तिथे गेलेल्या भारतीय रक्षक दलाचे सेनानी होते मेजर जनरल शंकरराव थोरात.