न दिसणाऱ्या दऱ्यांचा नकाशा

सिंगापूर नदी समुद्राला मिळते तिथे, आताच्या फुलर्टन हॉटेलच्या आसपास, एकेकाळी माणसाहून उंच अशी वालुकाश्माची शिळा होती. तिच्यावर पन्नासेक ओळींचा लेख कोरलेला होता आणि तो कोणालाच वाचता येत नव्हता. १८४३ साली कॅप्टन स्टीव्हन्सन या सरकारी अभियंत्याने ती सुरुंग लावून उडवली, कारण किल्ल्याच्या कामाला जागा हवी होती. जेम्स लो नावाच्या अधिकाऱ्याने काही तुकडे वाचवून कलकत्त्याला धाडले. त्यांतला एक आज सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्यावरचा लेख अजून लागलेला नाही.

लिपीचे अभ्यासक या शिळेसाठी हळहळतात, ते योग्यच. मला मात्र तिच्या गोष्टीत दगडाकडे बघायची त्या काळची सरकारी रीत दिसते. दगड वाटेत आला की उडवायचा, कामाचा असला की फोडून न्यायचा. तो खाली कुठवर गेलाय, वर कशाने झाकलाय, असले प्रश्न विचारणारी माणसं फार मागाहून आली, आणि तीही बहुतेक वेळा नड पडल्यावरच. सिंगापूरच्या नद्यांच्या काठच्या सपाटीखाली कातळ कुठे आणि किती खोल आहे, हे दाखवणारा नकाशा आज तयार आहे. त्याचं कूळ शोधू लागलं की एकामागून एक नडीच हाती लागतात.

पहिली नड चिखलाची. १८२२ मध्ये सिंगापूर वसवणारा इंग्रज अधिकारी रॅफल्स बंदराची आखणी करायला बसला तेव्हा नदीचा दक्षिण काठ निव्वळ दलदल होता. मग आज जिथे रॅफल्स प्लेस आहे तिथली टेकडी फोडली आणि तिच्या मातीने बोट कीचा काठ भरून काढला. पुढच्या दीडशे वर्षांत सिंगापूरने हाच उद्योग शेकडो पटींनी वाढवला. टेकडी कापायची, पाणथळ भरायचं, वर रस्ता नाहीतर इमारत उभी करायची. त्यामुळे तिथल्या भूवैज्ञानिकाची पंचाईत अशी झाली की जे उघड्यावर होतं ते कापलं गेलं आणि जे खोलगट होतं ते भरावाखाली गेलं. आपल्याकडे सह्याद्रीत घाटाच्या एका वळणावर लाव्ह्याचे थर मोजता येतात. सिंगापुरात वाचायला कडाच शिल्लक नाही.

बेटाच्या भूगर्भावर पहिलं नीट लिखाण केलं ते जेम्स रिचर्डसन लोगन या वकिलाने. ‘इंडोनेशिया’ हे नाव रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा मानतात तोच हा लोगन. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५१ साली त्याचा सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या भूरचनेवरचा निबंध छापून आला. त्याच वर्षी हॉर्सबर्ग दीपगृह पेटलं, आणि त्याचा ग्रॅनाइट आला होता पुलाऊ उबिन या बेटावरून. उबिनच्या खाणींत भारतातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदीही राबले. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून असे कैदी तिकडे जात. त्यांत मराठी मुलखातले किती, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही, पण सिंगापूरच्या कातळाची चव ज्यांच्या पहारींना आधी कळली ते लोक भूवैज्ञानिक नव्हते, एवढं नक्की.

त्यानंतर बराच काळ कातळाचा अभ्यास म्हणजे खडीचा हिशेब. मलायाचा सरकारी भूवैज्ञानिक स्क्रिव्हेनर याने १९२४ मध्ये बेटाच्या भूरचनेवर छोटा निबंध लिहिला. त्याच वर्षी जोहोरला जोडणारा कॉजवे पुरा झाला, तोही ग्रॅनाइटच्या राशी ओतून. १९५० साली अलेक्झांडरचा अहवाल आला, त्याचा विषयच मुळी बेटावर ग्रॅनाइट किती उपलब्ध आहे हा. बेट स्वतंत्र झाल्यावर १९७६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने पहिला सविस्तर ग्रंथ काढला आणि सोबत १:२५,००० प्रमाणाचे नकाशे दिले. मध्यभागी बुकित तिमाह ग्रॅनाइट, पश्चिमेला जुरोंगचे वालुकाश्म आणि पंकाश्म, पूर्वेला ‘जुना गाळ’ म्हणजे ओल्ड ॲल्युव्हियम, आणि नद्यांच्या मुखांशी सगळ्यांवर पसरलेला कोवळा गाळ. या शेवटच्याला नाव मिळालं कालांग नदीवरून : कालांग फॉर्मेशन.

कालांग ही सिंगापूरची सर्वांत लांब नदी. लांबी किती, तर साधारण दहा किलोमीटर! आपल्याकडे एवढ्या पाण्याला ओढा म्हणतील आणि पावसाळ्यापुरती दखल घेतील. लोअर पिअर्स जलाशयातून ती निघते, बिशानच्या बागेतून आणि तोआ पायोहजवळून येते, आणि रोचोर व गेलांगच्या पाण्याला मिळून कालांग खोऱ्यात पसरते. तिच्या मुखाशी दलदल बुजवून १९३७ मध्ये विमानतळ केला, १९५६ मध्ये निकॉल हायवे झाला, पुढे स्टेडियम आलं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कालांगचं मूळ विचारायला काहीच हरकत नाही, तिचा तळ विचारला की मात्र प्रकरण खोलात जातं.

हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. तेव्हा सिंगापूर हे बेटच नव्हतं. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलाया यांचा मिळून एक सलग भूभाग होता आणि कालांगचा पूर्वज दूर गेलेल्या समुद्राकडे उतरताना जुन्या गाळात खोल दरी कोरत होता. समुद्र वर आला की दरी खाऱ्या चिखलाने भरायची. हे एकदाच घडलेलं नाही. खालचा सागरी चिखल साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातला मानतात, वरचा गेल्या दहा हजार वर्षांतला. मधल्या काळात पाणी ओसरलं तेव्हा खालच्या चिखलाचा माथा उन्हात सुकून टणक झाला, तांबूस-पिवळसर डाग धरलेला. दोन मऊ थरांमधला हा दोन-पाच मीटरचा टणक पापुद्रा फसवा आहे. मऊ चिखलातून खाली जाणारं हत्यार एकदम अडतं, आणि घाई असलेल्या माणसाला वाटतं की लागला तळ!

हत्यार कसं अडतं, ते जरा जवळून बघू. बोअर मारताना ठरावीक खोलीवर नळी टेकवतात आणि ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून तिच्यावर सोडतात. नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, तो आकडा वहीत जातो. कालांगच्या चिखलात कित्येकदा तिथे शून्य लिहिलेलं असतं, कारण हातोडा उचलायच्या आधीच सळ्यांच्या वजनाने नळी बुडते. वर येतो तो निळसर राखाडी गोळा, बोटाने दाबला की खचणारा, शिंपल्यांचे कण असलेला. त्याच भोकात आणखी खाली जुना गाळ लागला की ठोके शंभरावर जातात. शेजारच्या रकान्यात थराची खूण असते : सागरी चिखल असेल तर ‘एम’, नदीची वाळू ‘एफ-१’, नदीची चिकणमाती ‘एफ-२’, जुना गाळ ‘ओए’. ग्रॅनाइट आणि जुरोंगच्या खडकांपुढे ते कितपत कुजलेत हे सांगणारे रोमन आकडे येतात, एक म्हणजे ताजा कातळ आणि सहा म्हणजे माती झालेला.

जुना गाळ हा खरं तर कातळच नव्हे. लाखो वर्षं दबून घट्ट झालेली वाळू, खडे आणि चिकणमाती यांचा तो थर, पूर्वेकडे दीडशे मीटरहूनही जाड. पण पाया टेकवायला तो भरवशाचा आहे, म्हणून कालांगच्या काठी ‘तळ’ म्हणजे बहुधा हाच. शास्त्राचा कातळ आणि कंत्राटदाराचा कातळ यांत फरक राहायचाच.

१९८३ मध्ये भुयारी रेल्वेचं काम सुरू झालं आणि शहराच्या पोटात एकदम असंख्य भोकं पडली. व्यापारी भागाखाली घट्ट मातीत रुतलेल्या प्रचंड धोंड्यांचा एक थर आहे, त्याची खरी ओळख याच कामात पटली. फोर्ट कॅनिंगचा धोंड्यांचा थर म्हणून तो ओळखला जातो. पश्चिमेला चुनखडी आहे हेही बोअरमुळेच कळलं, कारण जमिनीच्या वर ती कुठेच डोकं काढत नाही. प्रत्येक बोअरचा खर्च कोणीतरी भलत्याच कामासाठी केलेला असे. नकाशाला त्याचा फायदा व्हायचा तो वही कोणी जपून ठेवली तर.

आणि मग २० एप्रिल २००४. दुपारी साडेतीनच्या सुमारास निकॉल हायवेलगतचा, भुयारी रेल्वेच्या सर्कल लाइनसाठी सुमारे तीस मीटर खणलेला चर कोसळला. पोलादी धिरे मुडपले, दोन्हीकडच्या भिंती आत आल्या आणि महामार्ग खड्ड्यात उतरला. चार माणसं गेली. चौकशी समितीने २००५ मध्ये अहवाल दिला. चिखलाची ताकद संगणकात वाजवीपेक्षा जास्त धरली होती, धिऱ्यांचे सांधे कमजोर होते, आणि मोजमापं धोका दाखवत असताना काम चालूच ठेवलं, असा त्याचा मथितार्थ. मुख्य दोष माणसांचा होता, यात शंका ठेवायला जागा नाही. पण त्यानंतरच्या तांत्रिक विश्लेषणांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्या जागेखालून एक गाडलेली दरी तिरकी गेली होती, त्यामुळे चराच्या दोन भिंतींखाली मऊ गाळाची खोली सारखी नव्हती. दोन बोअरमध्ये पन्नास मीटर अंतर असेल, एकात तळ वीस मीटरवर लागला आणि दुसऱ्यात चाळीसवर, तर आराखडा करणारा दोन्ही बिंदू पट्टीने जोडतो. नदीने पट्टी धरून दरी कोरलेली नसते.

या दऱ्यांची जाणीव सिंगापूरकरांना आणखी एका वाटेने होते. सुमात्राचा मोठा भूकंप शेकडो किलोमीटर दूर झाला तरी कालांगच्या गाळावरच्या उंच इमारतींत दिवे झुलतात आणि माणसं जिन्याने खाली येतात. २००५, २००७, २००९ या वर्षांत हे घडलं. ग्रॅनाइटवर राहणाऱ्याला त्याच वेळी फारसा पत्ता नसतो, कारण मऊ चिखल संथ लाटा वाढवून वर पाठवतो. याचाच उपयोग करून नान्यांग विद्यापीठातल्या संशोधकांनी शहराच्या रोजच्या बारीक कंपनांवरून गाळाची जाडी अजमावली. भोक न पाडता खोली काढायची ही रीत स्वस्त आहे, पण बोअरशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही.

पुढची नड जागेची. बेटावर जमीन पुरेना, तेव्हा साठवणूक खाली गेली. मंडाईच्या ग्रॅनाइटमध्ये २००८ साली दारूगोळ्याचं भांडार झालं. जुरोंगला समुद्रतळाखाली तेल साठवायच्या गुहा २०१४ मध्ये उघडल्या. २०१५ मध्ये कायदाच केला की जमीनमालकाचा हक्क ठरावीक समुद्रपातळीच्या आधारे ३० मीटर खोलीपर्यंतच, त्याखालचं सारं सरकारचं. खोलीची मालकी घेतल्यावर तिथे काय आहे ते पाहणं भाग होतं. बांधकाम प्राधिकरणाने ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोबत घेऊन बेटभर शंभरावर बोअर मारले, बरेचसे दोनशे मीटरच्या घरातले. यावेळी भोक कोणत्याही इमारतीसाठी नव्हतं, फक्त कातळ पाहण्यासाठी होतं. ग्रॅनाइटमधले झिर्कॉनचे कण काढून वय मोजलं, ते साधारण २३ ते २८ कोटी वर्षं भरलं. २०२१ मध्ये नवा ग्रंथ आला. त्यात जुन्या गाळाचं नाव बदलून बेदोक फॉर्मेशन झालं आणि एकसंध समजलेले जुरोंगचे खडक अनेक शिलासमूहांत विभागले गेले. शिळा उडवल्यापासून इथवर यायला १७८ वर्षं लागली.

एवढं करूनही हा नकाशा दोन भोकांमध्ये अंदाजच आहे, आणि तो करणारे हे मान्य करतात. त्याची किंमत आहे ती सगळी भोकं एका जागी नोंदली गेली यात. मला सिंगापूरची हेवा वाटण्याजोगी गोष्ट तिथली चकाचक स्टेशनं नाहीत, हे दप्तर आहे.

मुंबईत भुयारी मेट्रो बीकेसी आणि धारावीच्या दरम्यान मिठी नदीखालून जाते. खाडीकाठचा चिखल, त्याखालचा मुरूम, त्याखालचा काळा कातळ, हे सगळं आपल्याही पायाखाली आहे आणि गल्लीगणिक बदलतं. आज पुनर्विकासाच्या प्रत्येक इमारतीसाठी बोअर मारले जातात, माती परीक्षणाचा अहवाल येतो, आणि पायाचं काम झालं की तो कुठल्यातरी कपाटात जातो. तुमच्या सोसायटीत हे काम निघालं तर त्या अहवालाची प्रत मागून घ्या. भोकांच्या जागा दाखवणारा आराखडा त्यात आहे ना ते बघा, सभेच्या इतिवृत्तासोबत तो दप्तरी लावा, आणि शेजारच्या प्लॉटवर खणायला सुरुवात झाली की त्यांनी मागायची वाट न पाहता एक प्रत त्यांना द्या.