उकिरड्याचे पांग फेडणारा इंदूरचा खड्डा



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. पण उकिरड्याला बारा वर्षे थांबवायचे कारण नाही. नीट रचला तर त्याचे तीन महिन्यांत खत होते. हे पडताळून पाहिले गेले होळकरांच्या इंदुरात, आपल्यासारख्याच काळ्या, कपाशीच्या जमिनीवर. ती हकिकत सांगायची, कारण कोणता कचरा मातीला द्यावा आणि कोणता मातीपासून दूर ठेवावा, हे त्यातून समजते. ही निवड चुकली तर विहिरीचे पाणी आणि घरातली माणसे धोक्यात येतात.

इंदुरात काय झाले

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. साहेब असूनही हॉवर्ड इथल्या शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीला आपले गुरू मानत. १९२४ साली इंदूरला ३०० एकर जमिनीवर त्यांनी नवी संशोधन संस्था सुरू केली.

तिथे अडचण आपल्या ओळखीचीच होती. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात, म्हणून खताला शेण कमी. उलट पऱ्हाटी आणि तुराटी ढिगांनी पडलेली, पण ती टणक, लवकर कुजत नाही. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कसा कुजवायचा, हा खरा प्रश्न होता. चीनमधले शेतकरी शेकडो वर्षे काडीकचऱ्याचे खत करीत आले होते. तो अनुभवही हॉवर्ड यांनी अभ्यासला.

उपाय बघा किती साधा. पऱ्हाटी शेतावरच्या रस्त्यावर पसरली. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली ती आपोआप चेचली गेली. मग ती बाकीच्या काडीकचऱ्यात मिसळून बैलांखाली अंथरली. गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती खणून घेतली, तिथे नवी माती भरली. चुलीतली राख जपून ठेवली. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, मूत्राची माती आणि राख यांचे थर दिले आणि पाणी शिंपडले.

खड्डा दोनच फूट का, असे तुम्ही विचाराल. कुजवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. त्यांना काडीकचरा खायला लागतो, शेण-मूत्रातला नत्र लागतो, ओल लागते आणि हवा लागते. खोल खड्ड्यात हवा पोचत नाही, माल आंबून घाण सुटते. म्हणून खड्डा उथळ. म्हणूनच तो तीन वेळा खालीवर करायचा : पहिल्यांदा सुमारे दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. तिसरा महिना संपता संपता काळे, भुसभुशीत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचत.

१९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पुढे चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांनीही 'इंदूर पद्धत' उचलली.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम पुढे गेले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे आपले नाडेप काका, यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या भिंतींचे टाके बांधले. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. हवा भोकांतून आत जाते, त्यामुळे खालीवर करण्याची मेहनत वाचते. सुमारे १०० किलो शेणात टाकेभर काडीकचरा आणि माती यांचे तीन-चार महिन्यांत खत होते.

तेच जिवाणू ओढ्यात

आता कारखान्याकडे येऊ. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे गावोगावी धुराडी दिसू लागली. उसाबरोबर कचराही कारखान्यात गेला. चिपाड भट्टीत जळते. रस निवळून उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, कुजवला की चांगले खत. पण मद्यार्क काढल्यावर उरणारे तांबडे-काळे पाणी ही मोठी अडचण. एक लिटर मद्यार्कामागे असे पाणी दहा-बारा लिटर निघते.

ते पाणी ओढ्यात सोडले की मासे का मरतात? खड्ड्यात आपले गडी म्हणून राबणारे जिवाणू तिथेही कामाला लागतात. त्या पाण्यातला माल कुजवताना ते ओढ्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. खड्ड्यात हवा आपण देऊ शकतो, ओढ्याला कोण देणार? एकच माल योग्य जागी खत, अयोग्य जागी घात.

हे ओळखून महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० साली त्यासाठी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. तेच दूषित पाणी पक्क्या तळाच्या आवारात प्रेसमडवर शिंपून कुजवले, तर त्याचेही खत होते.

जे कुजत नाही ते विष

तिसऱ्या जातीचा कचरा कोणत्याच खड्ड्यात पचत नाही. १९५८ साली केरळात आणि लगतच्या मद्रास राज्यात पिठातून विषबाधा होऊन शंभरावर माणसे दगावली. धान्याच्या मालाबरोबर परॅथिऑन हे कीटकनाशक जहाजातून नेले होते. ते गळून अन्नात उतरले. विष शेतावर पोचलेही नव्हते, नुसते अन्नाशेजारी ठेवले होते. पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा आणि १९७१ साली त्याचे नियम आले. रिकामी वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, कोणी पुन्हा वापरू नयेत, हे त्या नियमांत आहे. तरी आजही औषधाचा डबा परसात पाण्याला लावलेला दिसतो. तीन वेळा खंगाळला तरी तो डबा पाणी, तेल, धान्य यांच्या कामाचा नाही.

तर एवढे करा

१. पऱ्हाटी, पाचट, धसकटे पेटवू नका. बारीक करून कुजवा. बोंडअळी लागलेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, त्यात अळी दडून राहते.

२. खड्डा उंचवट्यावर करा. विहिरीच्या वरच्या अंगाला करू नका. खताचे पाणी पाझरून विहिरीत उतरते.

३. खड्ड्यात प्लॅस्टिक, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या टाकू नका. त्या बांधावर जाळूही नका, तो धूर विषारी असतो.

४. औषध मोजूनच कालवा म्हणजे उरणार नाही. डबा रिकामा होताच तीन वेळा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घाला. मग डब्याला भोके पाडा. दुकानदार किंवा कंपनी डबे परत घेत असेल तिथे द्या. तशी सोय नसेल तर कृषी खात्याला विचारा. डबे मुलांच्या हाती लागू देऊ नका. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नका.

५. कारखान्याचे पाणी किंवा गाळ फुकट मिळतो म्हणून शेतात घेऊ नका. आधी त्याच्या तपासणीचा कागद मागा आणि आपली माती तपासून घ्या. काळ्या जमिनीत क्षार एकदा साचले की काढणे फार अवघड.

६. ओढ्याचा रंग बदलला, मासे मेले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि गावाने मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा गावाच्या अर्जाला वजन असते.

इंदूरच्या खड्ड्याला ना यंत्र लागले ना मोठे भांडवल. लागली ती कचरा निवडण्याची शिस्त. जे कुजते ते मातीला द्या. जे कुजत नाही ते मातीपासून, पाण्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवा. येत्या सुगीत पऱ्हाटीला काडी लावण्याआधी एक खड्डा भरून बघा.