रसशोषक किडी, भाजीपाल्यावरील (निर्मळ, ता. वसई, जि. पालघर)

पानातला, शेंड्यातला रस ओढून जगणाऱ्या बारीक किडींचा गट. भाजीपाल्यात मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण महत्त्वाचे. फुलकिडे पान खरवडून पाझरलेला रस पितात. तरी व्यवहारात त्यांची गणना इथेच होते. लाल कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. त्याचा विचार येथे केलेला नाही.

परिसर : निर्मळ हे वसई तालुक्याच्या किनारपट्टीतले गाव. तलाव आणि कार्तिक वद्य एकादशीची यात्रा यांसाठी प्रसिद्ध. 1 ऑगस्ट 2014 पूर्वी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. वसईच्या वाड्यांतून केळी, नारळ, पानवेल, फुले आणि भाजी शेजारीशेजारी असतात. एक पीक निघाले तरी किडीला दुसऱ्याचा आसरा मिळतो.

हंगाम : जून-जुलैच्या झडीत मावा, पांढरी माशी धुऊन जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात उघडीप मिळाली की भेंडी-वांग्यावर तुडतुडे वाढतात. यात्रेनंतर थंडी पडू लागते आणि मधूनच आभाळ येते, तेव्हा मावा पडतो. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती आठवडा-दहा दिवसांत वयात येतात. शेंडे बघता बघता भरतात ते त्यामुळे. फेब्रुवारीपासून कोरड्या उष्म्यात फुलकिडे आणि पांढरी माशी बळावतात. हे वेळापत्रक उत्तर कोकणाच्या पाऊसमानाला धरून आहे. एखाद्या वर्षी ते पंधरा दिवस मागेपुढे होते.

भेंडी : रसशोषक किडींचे सर्वांत आवडते पीक. पान हळूच उलटावे. फिकट हिरवी पिल्ले तिरकी चालत शिरेआड सरकतात, ते तुडतुडे. पानाच्या कडा पिवळ्या होऊन वर वळतात, पुढे करपतात. झाड हलवताच पांढरी भुकटी उडाल्यासारखे दिसले तर पांढरी माशी. तिचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोडे चालते, मग एका जागी चिकटून रस पिते. रसशोषणापेक्षा तिचा खरा उपद्रव केवडा या विषाणूरोगाचा. पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसते. हा विषाणू बियांतून येत नाही, माशीच आणते. एकदा तो पोटात गेला की माशी बहुधा मरेपर्यंत रोग पसरवते. पूसा सावनी ही जात एकेकाळी रोगाला दाद देत नव्हती, पुढे तीही बळी पडू लागली. मग परभणी क्रांती आणि अर्का अनामिका आल्या; त्यांचाही टिकाव सर्वत्र सारखा नाही.

मिरची : बोकड्या, म्हणजे पाने वळून आकसणे. पाने वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी.

वाल, चवळी : काळा मावा.

पपईचा पिठ्या ढेकूण : वांग्यावरही येतो. भारतात 2008 मध्ये कोइमतूरला आढळला. 2010 मध्ये ॲसेरोफॅगस पपायी ही परोपजीवी माशी आणून सोडल्यावर आटोक्यात आला. जैविक नियंत्रणाचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच.

नियंत्रण : भेंडीचा तोडा दिवसाआड होतो, औषधाचा प्रतीक्षाकाळ त्याहून मोठा असू शकतो, म्हणून फवारणीवर भिस्त ठेवणे मुळातच चूक. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासून बंदी आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइडांच्या सततच्या फवाऱ्याने मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. वाडीभोवती मक्याच्या दोन ओळी, पिकाच्या उंचीला पिवळे चिकट सापळे (फुलकिड्यांसाठी निळे) आणि बेताचे नत्र, एवढ्याने सुरुवात करावी. युरियाने लुसलुशीत झालेल्या पाल्यावर मावा हटकून येतो. 5 टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, द्रावण 100 लिटर करावे. साबणाचा चुरा 200 ग्रॅम. फवारा संध्याकाळी आणि पानाच्या खालून, कारण उन्हात अर्काचा गुण लवकर जातो. मावा असलेल्या झाडावर मुंग्यांची रांग दिसते. त्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. ढालकिडे दिसत असतील तर फवारणी थांबवावी.

केवडा झालेले भेंडीचे झाड दिसताच उपटून पुरावे. ते लगेच मरत नाही, शेंगाही धरते, त्यामुळे उपटायला हात धजत नाही. पण शेंगा पिवळट, राठ निघतात आणि पांढरी माशी त्या झाडावरून शेजारच्या ओळीत जाते.