बाबासाहेबांचा रुपया : किंमत किती आणि मोल किती



गेल्या काही वर्षांत आमच्याकडे वस्तीतली माणसे एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, आमच्याकडे बाबासाहेबांचा फोटो असलेला रुपया आहे. मोबाईलवर दाखवतात त्याचे लाखो रुपये मिळतात. खरं का?" मागे एका विधवा भगिनीला कोणीतरी फोनवर सांगितले की तुमचे नाणे पाच लाखांना घेतो, आधी नोंदणीची फी भरा. तिने कानातले गहाण ठेवून पैसे भरले. नाणे तिच्याच घरात राहिले, पैसे गेले. म्हणून या स्मरणिकेत नाण्यांचाच इतिहास लिहावा असे आम्ही ठरवले.

आपल्या देशात प्रजासत्ताकाची पहिली नाणी सन १९५० मध्ये निघाली. त्यांच्यावर इंग्लंडच्या राजाच्या मुंडक्याऐवजी सारनाथच्या अशोक स्तंभाचे सिंह आले. म्हणजे तथागतांनी जिथे पहिले प्रवचन दिले त्या गावची खूण तेव्हापासून प्रत्येकाच्या खिशात आहे, मग तो मानो अथवा न मानो. माणसाच्या स्मरणार्थ नाणे काढायची पद्धत मात्र नंतर आली. पंडित नेहरू १९६४ साली वारले, त्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्याचा रुपया आणि पन्नास पैसे निघाले. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीची नाणी आली. त्यातला वीस पैसा पिवळाधमक होता. आमच्या लहानपणी चाळीतल्या बायका म्हणायच्या यात सोनं आहे, आणि डब्यात दडवून ठेवायच्या. सोने कसले? तांबे आणि अॅल्युमिनियमचे मिश्रण ते! पुढे अन्नधान्य, कुटुंब नियोजन, १९८२ चे आशियाई खेळ, इंदिरा गांधी अशी एकेक नाणी येत गेली.

आणि १९९० साली आपला रुपया आला. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. तांबे-निकेलचा सहा ग्रॅमचा रुपया, एका बाजूला सारनाथचे सिंह, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. तेव्हा आम्ही गिरणीत बदलीवर होतो. पगाराच्या दिवशी सुट्या पैशांत एकाला तो मिळाला आणि सगळे खाते त्याच्याभोवती गोळा झाले. एक म्हातारे जॉबर होते, त्यांनी नाणे कपाळाला लावले. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याचा चेहरा आता शेटजीच्या गल्ल्यात जाऊन बसणार, ही गोष्ट आम्हाला कोणी समजावून सांगावी लागली नाही. पण झाले काय, की रुपया शेटजीच्या गल्ल्यात गेलाच नाही. ज्याच्या हाती आला त्याने तो घरी नेला, फोटोच्या चौकटीत खोचला. चलनासाठी काढलेले नाणे आपल्या वस्तीत चललेच नाही म्हणा ना!

आता संग्राहक काय म्हणतात ते ऐका. आम्ही फोर्टात नाणी विकणाऱ्यांशी आणि प्रदर्शनात जुन्याजाणत्या संग्राहकांशी पुष्कळ वेळा बोललो. त्यांचे म्हणणे कडू आहे पण सरळ आहे. स्मारक नाणे चलनासाठी काढले की ते मोठ्या संख्येने पाडतात. शिवाय नवे म्हणून लोक जपून ठेवतात, त्यामुळे ते दुर्मीळ होतच नाही. हातोहात फिरलेल्या अशा रुपयाची किंमत एक रुपया, फार तर हौसेखातर थोडे वर. किंमत येते ती टाकसाळीतून आल्यावर ज्याला कोणाचे बोट लागले नाही अशा नाण्याला, संग्राहकांसाठी मुद्दाम चकचकीत पाडून डबीत विकलेल्या संचाला, किंवा एखाद्या टाकसाळीने त्या साली कमी पाडले असेल तर त्याला. टाकसाळ ओळखायची खूण सालाच्या खाली असते: हिऱ्यासारखा चौकोन मुंबईचा, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकाता.

दुर्मीळ म्हणजे काय ते पाहायचे तर सम्राट कनिष्काकडे जावे लागेल. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर उभे बुद्ध आहेत आणि बाजूला ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे नाव आहे. अशी सोन्याची नाणी जगात अगदी थोडी उरली आहेत. त्यांची गोष्ट वेगळी.

दुसरे एक दुखणे. आपल्या माता-भगिनी चौदा एप्रिलच्या आधी तो रुपया चिंच आणि पितांबरी लावून लखलखीत करतात. श्रद्धेने करतात, आम्ही हसत नाही. पण घासले की वरची बारीक नक्षी जाते आणि संग्राहक ते नाणे हातातही धरत नाही. काहींनी भोक पाडून गळ्यात घातले. त्याचे तर बाजारात काहीच येणार नाही. पण ज्याने गळ्यात घातले त्याला बाजारात जायचेच नव्हते.

इथे एक गंमत सांगावीशी वाटते. ज्यांचा चेहरा रुपयावर आला त्यांनीच रुपयावर ग्रंथ लिहिला होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ साली सरकारने ते बंद केले, तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा जास्त राहिली आणि तो किती पाडायचा हे सरकारच्या हातात गेले. बाबासाहेबांचा आक्षेप तिथेच होता. हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी सांगितले की रुपये पाडण्याची टाकसाळ जनतेला बंद आहे तशी सरकारलाही बंद करा. कारण रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी तेवढी चढत नाही, आणि व्यापाऱ्याच्या नफ्याची भर मजुराच्या पोटातून निघते. हे गिरणीवाल्याला वेगळे शिकवायला नको. काही वक्ते रिझर्व्ह बँक त्या एका पुस्तकातूनच जन्मली असे ठोकून देतात. आम्ही तेवढे म्हणत नाही; जेवढे त्यांनी केले तेवढेच पुष्कळ मोठे आहे.

१२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी दोन नाणी निघाली, १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे. १२५ चे ३५ ग्रॅमचे, निम्मी चांदी. ते बाजारात चालण्यासाठी नव्हतेच. दहाचे मात्र चलनाचे. पुढे दहाची नाणी खोटी आहेत अशी अफवा उठली, दुकानदार घेईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेला २०१६ आणि २०१८ साली जाहीर सांगावे लागले की सगळ्या नमुन्यांची दहाची नाणी खरी आहेत. आणि जुन्या नाण्यांच्या सौद्यासाठी आपण कोणाकडून फी, कमिशन की कर मागत नाही, असेही बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले आहे. फोन आला तर हे वाक्य त्याला ऐकवावे आणि फोन ठेवावा.

आमची एक विनंती. ज्यांच्या घरी १९९० चा रुपया असेल त्यांनी तो घासू नये, प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात कोंबू नये, साध्या कोरड्या कागदी पाकिटात ठेवावा. आणि तो कोणाच्या हाती, कुठे, कोणत्या कामाच्या पैशात आला हे चार ओळींत लिहून त्यात घालावे. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. विहाराच्या कपाटात अशा पाकिटांसाठी एक खण ठेवला आहे. पहिले पाकीट आम्ही दिले आहे. त्यावर लिहिले आहे, रात्रपाळीचा पगार, १९९०.