एकटीचे पान

“एकटीपुरती कसली चूल पेटवायची?” हे वाक्य ज्याने आपल्या घरात कधी ऐकले नाही असा मराठी अथवा कोंकणी मनुष्य विरळाच. घरधनी परगावी गेला, की गृहिणी सकाळचा उरलेला भात, लोणच्याची एक फोड आणि ताकाचा घोट एवढ्यावर दिवस काढते. कोणी विचारलेच, तर हसून वरील उत्तर देते. त्या उत्तरात आळस नसतो. रांधावयाचे ते दुसऱ्यासाठी, स्वतःसाठी रांधणे म्हणजे जिभेचे लाड, अशी एक जुनी समजूत त्यात असते. आणि ती धर्मानेच घालून दिली आहे असे आपण सारे मनोमन धरून चालतो. ती खरोखर धर्माची आहे की परिस्थितीची, याचा शोध घ्यावा म्हणून आम्ही वाचकांस आज बालाघाटकडे घेऊन जात आहोत. तेथील पुरुषांचे परगावी जाणे हे एखाद्या घरापुरते नसून त्या मुलखाच्या इतिहासाचाच भाग झालेले आहे.

बालाघाट हा आज मध्य प्रदेशातील जिल्हा होय. भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून तो १८६७ साली बनविण्यात आला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख मोडत असे, आणि १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, विदर्भ वेगळा झाला आणि बालाघाट भोपाळच्या छत्राखाली गेला. राज्य बदलले तरी वैनगंगा बदलली नाही. तिचे पाणी बालाघाटातून भंडाऱ्याकडे वाहते, आणि सोयरीक, बाजार व बोली यांचे येणेजाणे आजही त्याच वाटेने चालते.

या जिल्ह्याचे स्वाभाविकपणे दोन भाग पडतात. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात तळी आणि भातखाचरे. वर बैहर-परसवाड्याच्या पठारावर अरण्य आणि गोंड व बैगा लोकांची कोदो-कुटकीची शेते. खालच्या भागातील चिन्नोर हा सुवासिक तांदूळ इतका नामांकित, की त्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वरच्या भागात मात्र भरड धान्याची पातळ पेज हा नित्याचा आहार. एकाच जिल्ह्यात सुवासिक भात आणि पातळ पेज शेजारी शेजारी नांदतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा उपयोग आहे.

आता येथून पुरुष कोठे व का गेले ते पाहू. खोऱ्यातील पोवार हे शेतीत व तळी बांधण्यात निष्णात. भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी चाकरी केली व तिच्या मोबदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यात त्यांस जमिनी मिळाल्या, असे इंग्रजी अमदानीतील नोंदी सांगतात. म्हणजे आज जी खाचरे आपण पाहतो त्यांतील काहींचे मूळ घरधन्याच्या दीर्घ अनुपस्थितीत आहे. कटकला गेलेल्या शिपायाची कथा नोंदली गेली. मागे राहिलेल्या घरात त्या काळात काय शिजले, ते कोणी नोंदले नाही.

पुढे दुष्काळ आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या जिल्ह्यास असे झोडपले, की १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ३,२६,५२१ इतकीच भरली. दहा वर्षांत सुमारे शेकडा पंधरा माणसे कमी झाली होती. त्यांत मृत्यू पावलेले होते, तसे गाव सोडून गेलेलेही असणार. त्यानंतरच्या दशकात गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची नॅरोगेज गाडी धावू लागली आणि भरवेलीच्या मँगनीज खाणीने मजुरांस बोलावण्यास आरंभ केला. ती खाण आज नागपुरात मुख्य कचेरी असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीकडे असून भूपृष्ठाखाली साडेतीनशे मीटरांहून अधिक खोल गेली आहे. नॅरोगेजच्या जागी आता ब्रॉडगेज आली. परंतु धान कापून घरात आले, की पुष्कळसे मजूर नागपूर, हैदराबाद अशा शहरांकडे बांधकामावर निघतात, तो क्रम चालूच आहे. काही कुटुंबे सारीच्या सारी जातात. काही घरांत म्हातारी माणसे, मुले आणि घरची लक्ष्मी मागे राहते. आणि जेथे मुलेही मोठी होऊन बाहेर पडली, तेथे ती एकटीच राहते.

अशा घरातील जेवण कसे असते, हे सांगण्यास मोठ्या संशोधनाची गरज नाही. रात्रीचा भात पाण्यात ठेवावा व सकाळी मीठ, मिरची, कांदा यांच्याशी खावा. शेजारच्या छत्तीसगडात यालाच बासी म्हणतात. नाहीतर पेज करावी आणि तीच दोन वेळा प्यावी. लाखोळीची डाळ असेल तर शिजेल, नसेल तर चटणी आहेच. हे अन्न वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उन्हाळ्यात पाण्यातला भात सुखावतो, आणि पेजेचे गुण तर वैद्यकाने मुक्तकंठाने गायिले आहेत. प्रश्न अन्नाचा नसून कारणाचा आहे. धनी घरी असताना त्याच चुलीवर वरण, भाजी आणि ऊन भात होतो. कोठीत तांदूळ तोच, परड्यात भाजी तीच. मग एक पान कमी होताच दुसरे पान अर्धे का व्हावे?

येथे शास्त्राकडे वळणे भाग आहे. ज्या स्त्रीचा पती प्रवासास गेला आहे तीस आपल्या ग्रंथांत प्रोषितभर्तृका म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीने तिला वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींची यादी सुप्रसिद्ध आहे: क्रीडा, शरीराचा शृंगार, समारंभ व उत्सव पाहणे, हास्यविनोद आणि परगृही जाणे. हे नियम आज कोणी पाळीत नाही व पाळावेत असेही आमचे मत नाही. परंतु या यादीत जेवण नाही, इकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर बोट प्रथम पुरुषाकडे दाखविले आहे. कार्यासाठी परदेशी जाणाऱ्याने पत्नीच्या निर्वाहाची व्यवस्था करूनच जावे, आणि तो तशी न करता गेला तर तिने निर्दोष अशा शिल्पावर आपली उपजीविका करावी, असे तेथे सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाने अशा घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांस दासींकरवी सूतकताईचे काम पोहोचवावे, अशी योजनाही आहे. म्हणजे पती दूर गेला असता पत्नी पोटभर कशी जेवेल याची चिंता शास्त्राने वाहिली; तिने कमी जेवावे अशी आज्ञा या तीनही ठिकाणी नाही. फलमूलांवर देह कृश करण्याची भाषा मनुस्मृतीत आहे ती पतिनिधनानंतरच्या स्त्रीसंबंधी. तीही आज आपण त्याज्य मानतो.

एक आक्षेप येथे निघेल व तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पती प्रवासात असता जी मलिन व कृश होते ती पतिव्रता, या अर्थाचे एक वचन टीकाग्रंथांत उद्धृत केलेले आढळते, आणि मेघदूतातील यक्षपत्नीही कालिदासाने विरहाने झुरलेलीच रंगविली आहे. परंतु काव्यातील कृशता हे दुःखाचे वर्णन आहे, आहाराचा नियम नव्हे. कवीने चितारलेला अश्रू आपण गृहिणीचे कर्तव्य ठरविले आणि कालांतराने अश्रू आटले तरी उपास मात्र उरला. शिवाय ज्या घरात खरोखरच धान्य थोडे होते, त्या घरात आधी सासरा, मग मुले आणि शेवटी ती, ही रांग दुष्काळाने लावली. पुढे तांदूळ आला तरी रांग मोडली नाही. टंचाईला सद्गुणाचे नाव मिळाले, की ती टंचाई संपल्यावरही टिकते, हा या इतिहासाचा धडा आहे.

दुसरा आधार सांगितला जातो तो भगवद्गीतेचा. जे केवळ स्वतःसाठी अन्न शिजवितात ते पाप खातात, असे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी म्हटले आहे, आणि मनुस्मृतीतही तोच आशय आढळतो. मग एकटीने स्वतःसाठी चूल पेटविणे पाप नव्हे काय? आमच्या मते येथे अर्थाचा विपर्यास झाला आहे. त्या वचनाचा रोख शिजविण्यावर नसून न देता खाण्यावर आहे. यज्ञातील शेष खाणारे पापमुक्त होतात, असे त्याच श्लोकात आधी सांगितले आहे. म्हणून तर वैश्वदेव, अतिथी, गोग्रास यांची योजना झाली, आणि आपल्या घरोघरी नैवेद्याची. जिने देवापुढे पान वाढले ती एकटी जेवत नाही. ती प्रसाद घेते. घरात माणूस एक असो की दहा, देव उपाशी ठेवावयाचा नसतो, हे आपल्या मंदिरांतून वाढलेल्या वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको. नामदेवांची बालपणीची कथा सर्वश्रुत आहे. पिता दामाशेटी परगावी गेले असता विठ्ठलाचा नैवेद्य चुकला नाही. तो बालकाच्या हातून गेला. घरातील कर्ता पुरुष दूर आहे म्हणून नैवेद्याचे ताट लहान झाले, असे त्या कथेत कोठेही नाही.

हाच प्रश्न पुरुषाच्या बाजूने पाहिला म्हणजे भेद अधिक उघड होतो. कोकणातून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले हजारो चाकरमानी बायकामुलांना गावी ठेवून राहत. त्यांच्यासाठी गिरणगावात खाणावळी निघाल्या, आणि त्या चालविल्या बहुतांशी स्त्रियांनीच. या खाणावळवाल्यांस सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पत्नी दूर असलेल्या पुरुषाने पोळी, भाजी, भात असे पुरते जेवण जेवावे, ही समाजाला इतकी रास्त गोष्ट वाटली, की तिचा एक व्यवसाय झाला. त्याच वेळी त्या पुरुषाची पत्नी गावी पेजेवर होती. तिच्यासाठी खाणावळ कोणी काढली नाही.

पेज हा शब्द कोकण-गोव्यापासून बालाघाटच्या पठारापर्यंत एकच आहे, आणि तो संस्कृत पेया शब्दापासून आला आहे. सारस्वत घरी पेजेबरोबर लोणचे वा तोर, बैगाच्या घरी रानभाजी. वाटी वेगळी, वस्तू एक. आयुर्वेदात शोधनकर्मानंतर रोग्यास प्रथम पेया, मग विलेपी आणि क्रमाक्रमाने पूर्ण अन्न द्यावे असा क्रम सांगितला आहे. पेया ही जेवणाकडे जाण्याची पहिली पायरी. आपल्या स्त्रियांना मात्र आपण त्या पहिल्या पायरीवरच उभे करून ठेवले. परिणाम डोळ्यांपुढे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयाच्या शेकडा ५७ भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, हे खरे. पण शेवटी बसणारीचे अर्धे पान हे त्यांतील एक नव्हे, असे कोण म्हणेल?

असो. आमचे सांगणे थोडे आहे. बालाघाटची गृहिणी असो, सावंतवाडीची असो की म्हार्दोळची, घरधनी परगावी गेला म्हणून तिने चूल विझवू नये. मूठभर तांदूळ, मूठभर डाळ, परड्यातली पालेभाजी आणि वर लिंबाची फोड एवढे एका पानास पुरते. चिन्नोर घरात असेल तर पाहुण्याची वाट न पाहता तो शिजवावा. शेजारीण एकटी असेल तर दोघींनी एका चुलीवर रांधावे. परगृही जाऊ नये हा नियम या कामी मोडला तर याज्ञवल्क्यही रागावणार नाहीत. आणि परगावाहून जो धनी ख्यालीखुशाली विचारतो, त्याने “पैसे पोहोचले का?” याच्या आधी “आज काय रांधलेस?” असे विचारावे. निर्वाहाची व्यवस्था करूनच जावे असे मनुस्मृतीने त्यास बजावले आहे, आणि निर्वाह म्हणजे नुसते पैसे नव्हेत. देवापुढे वाढलेले पान आणि एकटीपुढे वाढलेले पान ही दोन वेगळी पाने नाहीत, एवढे आपल्या घरांत रुजले तर पुष्कळ झाले.