आश्विनातील परसबाग

शीत प्रदेशांतील उद्यानविद्येच्या पुस्तकांत शरदृतू हा निरवानिरवीचा काळ असतो. पाने गळतात, नाजूक कंद उकरून घरात ठेवावे लागतात, आणि हिमाच्या भयाने बाग मिटून घ्यावी लागते. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांतील गृहस्थास हे वर्णन लागू पडत नाही. नांदेड-लातूरकडे शरद हा बागेचा शेवट नसून दुसरा आरंभ होय. हस्ताचा पाऊस सरून आश्विनाचे ऊन तापू लागले, की परसातील तण उपटावयाचे, वाफे बांधावयाचे, आणि मेथी, पालक, चुका, मुळा, कोथिंबीर यांचे बी टाकावयाचे, असा येथील क्रम आहे. ह्या क्रमात जुने किती व नवे किती, ह्याचा विचार करू लागले असता आपल्या ‘देशी’ आणि ‘परकी’ ह्या कल्पनांस थोडा धक्का बसतो. तो बसणे इष्टच आहे, असे आम्हांस वाटते.

क्रमाचे मूळ मातीत आहे. दख्खनच्या कातळापासून झालेली काळी माती पावसात फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते. परंतु पोटात धरलेली ओल ती सहजासहजी सोडीत नाही. रब्बीची ज्वारी ह्याच ओलीवर उभी राहते. परसबाग ही त्या शेताचीच धाकटी बहीण. वाफसा असतानाच वरची माती खुरपून भुसभुशीत केली, तर खालची ओल टिकते. पंधरवडाभर आळस केला, तर त्याच जागी कुदळ चालत नाही. माहूरच्या रेणुकेच्या आणि तुळजापूरच्या भवानीच्या ह्या मुलखात घटस्थापनेच्या दिवशी घरोघर माती आणून तीत धान्य पेरतात. त्या विधीचा धार्मिक अर्थ भाविकांनी सांगावा. पण घरचे बी उगवते की नाही, हे पेरणीच्या तोंडावर त्यात आपोआप कळते, एवढे कोणासही दिसेल.

आता बागेतील रहिवाशांकडे वळू. राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे मानले जाते. त्यांच्यामागून आलेल्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरपासून फारशी दूर नाही. तेथे ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. अन्न कसे सिद्ध करावे आणि माळा कोणत्या ल्याव्या, ह्या दोहोंचे विवेचन त्यात स्वतंत्रपणे केले आहे. त्या पाकशाळेत तिखटपणासाठी मिरे आहेत, मिरची नाही. टमाटे नाहीत, बटाटे नाहीत. आणि माळांच्या फुलांत, आश्चर्य वाटेल, पण झेंडू नाही.

नसावयाचाच. झेंडू मूळचा मेक्सिकोकडील. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेस पोहोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतास उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. आणि ह्या दळणवळणाच्या ओघात मिरची, पेरू, पपई व झेंडू आपल्याकडे आले. म्हणजे ज्या फुलावाचून आज दसऱ्याचे तोरण कोणी कल्पू शकत नाही, ते फूल आपल्या दाराशी येऊन पुरती सहा शतकेही झालेली नाहीत. तरी त्यास परके कोण म्हणेल? आमच्या पावसाळ्यात ते वाढले, आमच्या सणास फुलले, आमचे झाले.

ह्याउलट दुसरा एक पाहुणा. झेंडूच्याच कुळातला आणि अमेरिकेतूनच आलेला. त्याचे नाव गाजरगवत. १९५५ च्या सुमारास त्याची नोंद पुण्यास झाली, आणि पुढे मराठवाड्याची गावठाणे, रस्त्यांच्या कडा व ओसाड परसे त्याने व्यापिली. त्याच्या संसर्गाने पुष्कळांस त्वचेचे व श्वासाचे विकार जडतात. फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटणे हे आश्विनाच्या तयारीतील पहिले काम समजावे. सारांश, बागेत कोणास ठेवावे व कोणास काढावे हे त्याच्या जन्मभूमीवरून ठरत नाही. शेजाऱ्यांशी तो कसा वागतो, ह्यावरून ठरते.

मग ह्या बागेत अस्सल येथले असे काय? आमच्या मते, पाण्याचा हिशेब. जुन्या वाड्यांच्या परसात आड असे, आणि न्हाणीचे पाणी पाटाने केळीच्या व अळूच्या मुळांशी जाई. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंगसागरासारखे तलाव बांधणारे राजे आणि न्हाणीचे पाणी वळविणारी गृहिणी यांची विद्या एकच होती. पुढे नळ आले, परसे फरशीखाली गेली, आणि तो हिशेब आपण विसरलो. एप्रिल २०१६ मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरील मिरजेहून लातूरकरांसाठी पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेर त्याच जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. पाऊस मुळीच पडत नाही, अशी ह्या प्रदेशाची तक्रार नाही. पडलेला धरून कोठे ठेवावा, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

चार वाफ्यांनी हा प्रश्न सुटेल, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु ज्या घरची मुले आश्विनात माती उकरून ओल किती खोल आहे हे बोटांनी पाहतात आणि भाजी धुतलेले पाणी मेथीच्या वाफ्यात ओततात, त्या घरात तो हिशेब पुन्हा सुरू होतो. फरशीचे दोन तुकडे काढावे लागले तरी बेहत्तर. पण यंदाच्या दसऱ्यापूर्वी एवढी जागा अवश्य मोकळी करावी.